लेसरचा ‘शेक’ आणि पोटरीतली गुठळी

गुडघा, पाठ, खांदा किंवा टाच यांपैकी एकही दुखणे घरात नाही असे कुटुंब शोधून सापडायचे नाही. पूर्वी अशा दुखण्यावर निर्गुडीचा पाला, तापवलेली वीट किंवा गरम पाण्याची पिशवी चाले. मग डायथर्मीचे यंत्र आले, अल्ट्रासाउंड आला, आणि आता लहान शहरांतल्या फिजिओथेरपी केंद्रांतही लेसर येऊन बसला आहे. जाडसर पेनासारखी एक कांडी, तिच्या टोकाशी लाल ठिपका. दुखऱ्या जागेवर ती मिनिटभर धरायची आणि मग बोटभर पुढे सरकवायची. चटका नाही, मुंग्या नाहीत, दुखणे तर नाहीच. यंत्र चालू आहे की बंद, हेसुद्धा पुष्कळ पेशंटना समजत नाही. तरीही घरी आल्यावर आजी सुनेला सांगतात, ‘आज लेसरचा शेक दिला.’

या गुपचूप उपचाराभोवती एक शंका मात्र घोटाळत असते. याने रक्ताची गुठळी तर होणार नाही? शंकेला निमित्तेही आहेत. शेजारच्या कुणीतरी पायाच्या फुगलेल्या शिरा ‘लेसरने बंद’ करून घेतलेल्या असतात. चांगली जाडजूड शीर जो बंद करतो तो चांगल्या शिरेला सोडील कशावरून, असे मनात येतेच. शिवाय उपचारापूर्वी जी माहिती विचारतात तिच्यात ‘पायात कधी रक्ताची गुठळी झाली होती का?’ हा प्रश्न असतो, आणि ‘हो, सध्याच आहे’ म्हटले की थेरपिस्ट कांडी खाली ठेवतात. दुसरीकडे, हेच किरण घड्याळासारख्या पट्ट्यातून मनगटावर सोडले की रक्त ‘पातळ’ होते, अशा जाहिराती येतात. एकच उजेड रक्त घट्टही करतो आणि पातळही करतो, असे दोन्ही बाजूंनी ऐकल्यावर माणसाने समजायचे काय?

उत्तर आधीच सांगून टाकलेले बरे. कमी तीव्रतेच्या लेसरमुळे धडधाकट माणसाच्या शिरेत गुठळी तयार होते, असे आजवर सिद्ध झालेले नाही. धोका आहे, पण तो वेगळ्याच जागी दडलेला आहे. पोटरी दुखते म्हणून माणूस लेसर घ्यायला जातो आणि ती पोटरी आत आधीच झालेल्या गुठळीमुळे दुखत असते, तो हा धोका. अशा वेळी लेसरने काही बिघडवले नाही तरी आठ-दहा दिवस त्याच्यामागे जातात, आणि गुठळीच्या बाबतीत आठ-दहा दिवस फार मोठा काळ आहे.

उंदरांच्या पाठीवरचे केस

१९६० साली अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी माणकाच्या स्फटिकातून पहिला लेसर किरण काढला. पाठोपाठ डॉक्टरांची नजर त्याच्यावर गेली. या किरणाने कर्करोगाची गाठ जाळता येईल का, याचे प्रयोग सुरू झाले. हंगेरीत बुडापेस्टचे शल्यचिकित्सक डॉ. एंद्रे मेस्टर यांनीही उंदरांवर तसा प्रयोग केला. उंदरांच्या पाठीवरचे केस काढून त्यांनी लेसर सोडला. पण त्यांचे यंत्र फारच दुबळे निघाले. जळायचे राहिले बाजूला, उलट ज्या उंदरांना किरण दिले होते त्यांच्या पाठीवरचे केस इतरांपेक्षा लवकर उगवले. ही १९६७ सालची गोष्ट. पुढे मेस्टर यांनी चिघळलेल्या, न भरणाऱ्या जखमांवर हाच दुबळा लेसर वापरायला सुरुवात केली. शक्ती कमी पडली म्हणून एक उपचारपद्धती जन्माला आली, अशी उदाहरणे वैद्यकात फार नाहीत.

आज ज्याला कमी तीव्रतेचा लेसर म्हणतात त्याची शक्ती साधारण पाच ते पाचशे मिलिवॅट, म्हणजे अर्ध्या वॅटपर्यंत असते. देवघरात रात्री जळणारा ‘झिरो’चा बल्बही याहून कितीतरी जास्त वीज खातो. फरक एवढाच की बल्बचा उजेड खोलीभर पसरतो आणि लेसरचा एका ठिपक्यात एकवटतो. म्हणून डोळ्यांवर खास चष्मा लावल्याशिवाय हा उपचार द्यायचा नसतो. जिथे चष्मा दिला जात नाही तिथे बाकीच्या गोष्टींची काळजी किती घेतली जात असेल, याचा अंदाज बांधायला हरकत नाही.

या प्रकाशाने ऊती तापत नाहीत, त्यामुळे ‘शेक’ हा शब्द खरे तर चुकीचाच. लाल आणि अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा, प्रकाश पेशींतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या कणांकडून शोषला जातो. त्यामुळे पेशीला थोडी जास्त ऊर्जा मिळते आणि नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सुटा होतो, असे संशोधकांचे म्हणणे आहे. या वायूचे शरीरातले काम दाखवून देणाऱ्या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना १९९८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. तो रक्तवाहिन्या सैल करतो आणि रक्तातल्या प्लेटलेट्सना एकमेकींना चिकटू देत नाही. म्हणजे कागदावर तरी या लेसरचा कल गुठळी करण्याकडे नसून ती टाळण्याकडे आहे. मात्र कागदावरचा कल आणि माणसाच्या पायात घडणारी गोष्ट यांत पुष्कळ अंतर असते. लाल प्रकाश त्वचेखाली काही मिलिमीटर जातो, अवरक्त थोडा अधिक खोल, आणि जाता जाता क्षीण होत जातो. पोटरीच्या स्नायूंच्या आत दडलेल्या मोठ्या शिरांपर्यंत त्याचा फारच थोडा अंश पोचतो. तेवढ्याने रक्त घट्ट होईल अशी भीतीही बाळगू नये आणि पातळ होईल अशी आशाही.

नाव एकच, लेसर वेगळे

शेजारच्या काकूंच्या फुगलेल्या शिरा बंद झाल्या, तो लेसर निराळा. त्यात सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत एक बारीक तंतू शिरेच्या आत सरकवतात आणि वॅटच्या हिशेबातली उष्णता देऊन शीर आतून भाजतात. ती शीर बंद व्हावी हाच हेतू असतो. क्वचित त्या भाजलेल्या शिरेतली गुठळी खोल शिरेच्या तोंडापर्यंत सरकते, आणि त्यावर लक्ष ठेवण्यासाठीच काही दिवसांनी पुन्हा सोनोग्राफीला बोलावतात. ती टाळू नये. पण तो धोका उष्णतेचा आहे. गुडघ्यावर धरलेल्या थंड कांडीशी त्याचा संबंध जोडणे म्हणजे चुलीतल्या विस्तवाचा दोष निरांजनाला देण्यासारखे आहे.

थंड, न भाजणाऱ्या लेसरने गुठळी करता येते असेही एक उदाहरण आहे, आणि ते मोठे बोलके आहे. म्हातारपणी डोळ्याच्या पडद्यामागे नको त्या नाजूक रक्तवाहिन्या वाढून दृष्टी जाते. त्यावर २००० सालापासून एक उपचार वापरात आला. व्हर्टेपोरफिन नावाचे औषध हाताच्या शिरेतून देतात. ते रक्तातून डोळ्यापर्यंत पोचले की त्या जागेवर ८३ सेकंद लाल लेसर सोडतात. या लेसरने पडदा भाजत नाही. पण प्रकाश पडताच ते औषध चेतते, रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला इजा करते, तिथे गुठळी होते आणि वाहिनी बंद पडते. पुढे डोळ्यात द्यायची नवी इंजेक्शने आली आणि हा उपचार बराच मागे पडला. प्रयोगशाळेतही उंदरांच्या मेंदूत मुद्दाम गुठळी करायची असली की आधी असाच एक रंग टोचतात आणि मग उजेड पाडतात. १९८५ साली प्रसिद्ध झालेली ही पद्धत आजही वापरात आहे.

यावरून ध्यानात येते ते हे की नुसत्या सौम्य उजेडाने गुठळी होत नाही, त्याला आतून साथ देणारे औषध लागते. म्हणून असे औषध काही दिवसांपूर्वीच दिले गेले असेल तर लेसर घेण्याआधी ते सांगितलेच पाहिजे. उन्हात गेल्यावर त्वचा लाल करणाऱ्या डॉक्सिसायक्लिनसारख्या नेहमीच्या गोळ्यांची गोष्ट वेगळी. त्या बहुतेक उन्हातल्या अतिनील किरणांनी चेततात, लाल प्रकाशाने नव्हे. तरी चालू असलेल्या औषधांची यादी थेरपिस्टना दाखवायला फार वेळ लागत नाही.

माणसांवर मोठ्या प्रमाणात हा लेसर वापरून पाहिला गेला तो दोन ठिकाणी, आणि दोन्ही ठिकाणी रक्ताचा प्रश्न महत्त्वाचा होता. पहिले म्हणजे पक्षाघात. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून झटका आलेल्या रोग्यांच्या डोक्यावर बाहेरून अवरक्त लेसर दिला तर मेंदूच्या पेशी वाचतील, अशी कल्पना होती. २००७ साली १२० रोग्यांवरच्या पहिल्या चाचणीने आशा दाखवली. २००९ साली ६६० रोग्यांच्या दुसऱ्या चाचणीत ती मावळू लागली. तिसरी हजार रोग्यांची ठरली होती, पण ५६६ रोग्यांनंतर फायदा दिसत नाही म्हणून ती २०१२ साली थांबवण्यात आली. थांबवण्याचे कारण निरुपयोग हे होते, अपाय हे नव्हते, ही गोष्ट इथे महत्त्वाची. ज्यांच्या रक्तात नुकतीच गुठळी होऊन गेली आहे अशा शेकडो माणसांना लेसर दिला आणि त्यापायी जास्त अपाय झाल्याचे दिसले नाही.

दुसरे ठिकाण कर्करोगाचे. किरणोपचार आणि केमोथेरपीने तोंड इतके सोलवटते की रोग्याला पाणी गिळणे मुश्कील होते. त्यावर तोंडात दिलेला सौम्य लेसर उपयोगी पडतो, आणि हे सिद्ध करण्यात भारतीय संशोधकांचाही वाटा आहे. मणिपाल विद्यापीठाच्या संशोधकांनी तोंडाच्या कर्करोगाच्या रोग्यांवर हेलियम-निऑन लेसर वापरून केलेला अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१८ साली या उपचाराला मान्यता देताना सुरक्षिततेबाबत मोठी चिंता नसल्याचे म्हटले. कर्करोगाच्या रोग्यांत एरवीही गुठळ्या होण्याचे प्रमाण जास्त असते, हे लक्षात घेतले म्हणजे या अनुभवाची किंमत कळते. गाठ असेल त्या जागेवर लेसर सोडण्याबद्दल मात्र डॉक्टर सावध असतात. तो निर्णय कर्करोगतज्ज्ञांचाच.

प्लेटलेट्सबद्दलही एक बातमी अधूनमधून फिरते. २०१६ साली बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील संशोधकांनी, ज्या उंदरांच्या प्लेटलेट्स कमी झाल्या होत्या त्यांना अंगभर अवरक्त लेसर दिला. प्लेटलेट्स वाढल्या. निरोगी उंदरांत तसे झाले नाही. डेंग्यूच्या साथीत पपईच्या पानांचा रस शोधत हिंडणाऱ्या आपल्या लोकांना हे वाचून लगेच लेसर आठवेल, पण उंदीर तो उंदीर. इंचभर जाडीच्या प्राण्याच्या हाडापर्यंत जो उजेड सहज पोचतो, तो माणसाच्या मांडीच्या हाडापर्यंत पोचेलच असे नाही.

मनगटावरचे लाल घड्याळ

आता जाहिरातींकडे. सोव्हिएत संघात १९८०च्या दशकात शिरेत बारीक प्रकाशतंतू घालून थेट रक्तावर लेसर सोडण्याची पद्धत वापरात आली. त्या कल्पनेचे घरगुती रूप म्हणजे मनगटावर बांधायचे किंवा नाकपुडीत अडकवायचे लाल दिवे. रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, पक्षाघात, सगळ्यांवर एकच पट्टा. अर्धा तास बांधून कुणाला बरे वाटत असेल तर त्यात गुठळीचा धोका नाही. धोका आहे तो ‘रक्त पातळ होते’ या तीन शब्दांत.

आपल्या देशात लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप बिघडलेले आणि पुढे कृत्रिम झडप बसवलेले पुष्कळ लोक आहेत. धातूची झडप असलेल्या माणसाला रक्त गोठू न देणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. गोळीने कधी हिरड्यांतून रक्त येते, दर काही आठवड्यांनी रक्त तपासावे लागते, पथ्य सांभाळावे लागते. अशा कंटाळलेल्या माणसाला कुणी सांगितले की हे घड्याळ बांधा, रक्त आपोआप पातळ राहील, तर त्याचा हात गोळीवरून दूर जातो. आणि ती गोळी थांबली की झडपेवर गुठळी धरू शकते, झडप अडकू शकते किंवा गुठळी निसटून मेंदूत जाऊ शकते. गोळीचा परिणाम ‘आयएनआर’ या तपासणीने मोजता येतो आणि मात्रा कमी-जास्त करता येते. घड्याळाच्या परिणामाचे असे कोणतेही सर्वमान्य माप नाही, आणि हृदयरोगाच्या कुठल्याही मान्य मार्गदर्शिकेत ते गोळीच्या जागी सुचवलेले नाही. शिरेत तंतू घालणाऱ्या पद्धतीत तर आणखी एक भर पडते. सुई किंवा नळी आत राहिली की शीर सुजू शकते, सलाइननंतर कधी कधी हातावरची शीर दोरीसारखी कडक होते तशी.

दुखरी पोटरी

आता मूळ मुद्द्याची गोष्ट. खोल शिरेत गुठळी का होते, याची तीन कारणे जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ व्हिर्शो यांच्या १८५६ सालच्या लिखाणापर्यंत नेली जातात. रक्त संथ होणे, शिरेच्या अस्तराला इजा होणे आणि रक्ताचा गोठण्याकडे कल वाढणे. त्यांचा जन्मदिवस, १३ ऑक्टोबर, २०१४पासून जगभर या आजाराच्या जागृतीसाठी पाळला जातो. आणि गंमत अशी की फिजिओथेरपी केंद्रात येणाऱ्या माणसांच्या बाबतीत ही तीनही कारणे अनेकदा जुळून आलेली असतात. गुडघा किंवा खुबा बदललेला असतो, पायाला महिनाभर प्लास्टर असते, कमरेच्या दुखण्याने माणूस अंथरुणाला खिळलेला असतो. बाळंतपणानंतरचे सहा आठवडे, काही गर्भनिरोधक गोळ्या, कर्करोग, वाढते वय, लठ्ठपणा, घरात कुणाला पूर्वी झालेली गुठळी, हे सगळे त्याच बाजूला वजन टाकतात. २०२० आणि २०२१ साली कोविडच्या गंभीर रोग्यांतही अशा गुठळ्या दिसल्या. चार तासांहून अधिक वेळ बसून केलेल्या प्रवासाने हा धोका साधारण दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली जाहीर केले. मूळ धोका लहान असल्याने घाबरून जायचे कारण नाही. पण तो फक्त विमानाचा नसून बस, मोटार आणि रेल्वेचाही आहे. ऑपरेशनला महिना झाला नाही तोच लग्नासाठी इंदूरहून पुण्याला रात्रभराच्या बसने निघणाऱ्यांनी डॉक्टरांना आधी विचारावे ते यासाठीच.

अशी गुठळी झालेला पाय कसा दिसतो? बहुधा एकच पाय सुजतो. पोटरी भरल्यासारखी, ताणल्यासारखी दुखते, चालताना अधिक. हात लावला तर दुसऱ्या पायापेक्षा कोमट लागते, कातडी कधी लालसर तर कधी निळसर दिसते. पण नेहमीच इतके स्पष्ट काही नसते. नुसती ‘वांब आल्यासारखी’ पोटरी दुखते आणि माणूस म्हणतो, चालायला लागलो म्हणून स्नायू धरला असेल. घरच्या घरी करण्यासारखी एक गोष्ट आहे. शिवणकामाची टेप घ्यावी, गुडघ्याच्या वाटीखाली जे हाडाचे टेंगूळ लागते त्याच्या दहा सेंटिमीटर खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजावा. तीन सेंटिमीटरहून अधिक फरक असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. डॉक्टरही निदान करताना हेच माप घेतात. फरक कमी आला म्हणून गुठळी नाहीच, असे मात्र समजू नये.

अशा पोटरीला तेल लावून जोराने चोळणे किती महागात पडते याची एक नोंद २०१७ साली प्रसिद्ध झाली. दिल्लीतल्या एका तरुणाच्या घोट्याला दुखापत होऊन पायाला प्लास्टर घातले होते. प्लास्टर काढल्यानंतरही पाय सुजत आणि दुखत राहिला. आईने तेल लावून तो चोळून दिला. शिरेतली गुठळी निसटली आणि फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत जाऊन अडकली. मुलगा वाचला नाही. यात लेसरचा काहीच संबंध नव्हता, आणि त्या माउलीचा तरी काय दोष? पाय दुखला की तेल लावून चोळायचा, हेच तर घरोघरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. दुखण्यामागे काय आहे हे तिला कुणी सांगितलेले नव्हते.

लेसरची कांडी चोळण्यासारखी नसते. नुसता प्रकाश गुठळीला ढकलत नाही. मग गुठळी असलेल्या जागेवर लेसर देऊ नये असे फिजिओथेरपीच्या सूचनांत का म्हटलेले असते? एक तर कांडी नीट दाबून धरावी लागते. दुसरे, स्थानिक रक्तप्रवाहात होणारा बदल तिथे कसा वागेल याचा पुरेसा अनुभव नाही, आणि मुद्दाम तसा प्रयोग करून पाहायला कुणी धजणार नाही. तिसरे कारण सगळ्यांत व्यवहाराचे आहे. लेसर एकटा कधीच येत नाही. त्याच्याबरोबर व्यायाम असतो, दाबणे असते, गरम पिशवी असते. हल्ली दहा-पंधरा वॅटची जास्त शक्तीची लेसर यंत्रेही आली आहेत आणि त्यांनी ऊती चांगल्याच तापतात. तेव्हा ही मनाई म्हणजे अपायाचा पुरावा नव्हे, सावधगिरी आहे, आणि ती योग्यच आहे. चांगला थेरपिस्ट नव्या पेशंटची पोटरी हाताने पाहिल्याशिवाय आणि दोन प्रश्न विचारल्याशिवाय यंत्र सुरू करीत नाही. ‘नंतर या, आधी डॉपलर करून आणा’ असे त्यांनी म्हटले तर राग मानू नये. त्यांनी त्या दिवसाची फी सोडून हे सांगितलेले असते.

डॉपलर म्हणजे पायाची सोनोग्राफी. पाय उघडा करून जेली लावतात आणि यंत्राचे टोक मांडीपासून पोटरीपर्यंत जागोजागी हलके दाबत जातात. चांगली शीर दाबली की पडद्यावर चपटी होते. गुठळी असलेली शीर चपटी होत नाही. इतकी साधी गोष्ट आहे ही. उपाशी राहावे लागत नाही, सुई टोचत नाहीत. संशय कमी असेल तर डॉक्टर आधी ‘डी-डायमर’ नावाची रक्ततपासणी सांगतात. ती निर्दोष आली तर अशा माणसात गुठळीची शक्यता जवळजवळ संपते. सदोष आली म्हणजे गुठळी आहेच असे मात्र नाही. ऑपरेशन, गरोदरपण, जंतुसंसर्ग, एवढेच काय नुसत्या वाढत्या वयानेही ती वाढलेली दिसते.

पाय सुजलेला असताना किंवा सुजेचे काही चिन्ह नसतानाही एकाएकी धाप लागली, श्वास घेताना छातीत कळ आली, खोकल्यातून रक्त पडले किंवा घेरी येऊन माणूस कोसळला, तर सोनोग्राफीची वेळ ठरवत बसू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि मोठ्या रुग्णालयात जावे. गुठळी फुप्फुसात गेल्याची ही लक्षणे असू शकतात.

निदान वेळेवर झाले तर उपचार अवघड नाहीत. सुरुवातीला इंजेक्शने किंवा थेट गोळ्या, आणि निदान तीन महिने त्या चालू. या गोळ्या गुठळी विरघळवत नाहीत. त्या तिला वाढू देत नाहीत आणि विरघळवण्याचे काम शरीर सावकाश आपले आपण करते. पूर्वी अशा पेशंटना सक्तीने झोपवून ठेवत. आता औषध सुरू झाले आणि प्रकृती स्थिर असली की डॉक्टर चालायला सांगतात. गोळ्या चालू असताना दुखण्यासाठी स्वतःच्या मनाने आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी घेऊ नये, रक्तस्रावाचा धोका वाढतो.

आणि लेसर? तो कायमचा वर्ज्य होतो असे नाही. मनाई असते ती गुठळीच्या जागेपुरती. उजव्या पोटरीत गुठळी निघाली म्हणून डाव्या खांद्यावर चाललेला उपचार बंद करण्याचे सहसा कारण नसते, फक्त थेरपिस्टना गुठळीची आणि चालू गोळ्यांची माहिती हवी. त्या पायावर पुन्हा यंत्र केव्हा लावायचे हे औषध देणारे डॉक्टर ठरवतील, बहुधा पुन्हा एकदा डॉपलर पाहून. तोवर त्या पोटरीला यंत्र, बाम आणि तेल-मालिश तिन्हींपासून दूर ठेवायचे, आणि दाब देणारा पायमोजा घालायचा की नाही, घालायचा तर कोणत्या मापाचा, हेही त्यांनाच विचारायचे.